गिट्टीतला पालक

पंपवाले बाबा पाणी बघत नसत, ऐकत. मी लग्न होऊन बालाघाटला आले त्याला जेमतेम आठवडा झाला असेल. विहिरीचा रहाट दुरुस्त झाला एवढंच सांगायला शेजारचे एक उंच, वाळकुळे गृहस्थ दारात आले आणि सांगायचं सोडून मान एका बाजूला कलती करून उभे राहिले. मला वाटलं, नव्या सुनेकडे बघायचं नाही म्हणून मान वळवली असेल. तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, तुमच्या न्हाणीतल्या तोटीचं वायसर गेलं." न्हाणी घराच्या पार मागे, मध्ये दोन खोल्या, त्यात रेडिओ चालू. मी मनातल्या मनात हसले आणि जाऊन पाहिलं, तर तोटी खरंच गळत होती.

एकतीस वर्षं ते मँगनीजच्या खाणीत पंप ऑपरेटर होते. खाण जितकी खोल जाते तितकं खालून पाणी येतं आणि ते सतत वर ओढून टाकावं लागतं. हे मला त्यांनीच समजावून सांगितलं. "खाली मानसं हायत आन् वर पंप हाय," ते म्हणत, "पंपाचा सूर बिघडला म्हंजे पहिले मले कळलं पाह्यजे, मंग सायबाले." निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी नखांतलं काळं ग्रीस गेलं नव्हतं आणि कानांची सवय तर अजिबात गेली नव्हती. एका लग्नात ते पंगतीतून अर्ध्या जेवणावर उठून गेले. यजमान घाबरले, कुणी काही बोललं की काय म्हणून. बाबा अर्ध्या तासाने हात पुसत परत आले आणि वऱ्हाडासाठी लावलेला पाण्याचा पंप हवा ओढत होता, आता ठीक आहे, असं सांगून पुन्हा पानावर बसले. एकदा आम्ही पाच-सहा घरची मंडळी हट्टा गावची जुनी पायऱ्यांची बावडी बघायला गेलो होतो. सगळे कमानी बघत होते, बाबा डोळे मिटून पायरीवर बसले होते. त्यांना म्हणे पाणी कुठून आत येतं ते ऐकायचं होतं.

आमची आणि त्यांची विहीर एकच. कठड्याचा अर्धा भाग आमच्या हद्दीत, अर्धा त्यांच्या. अंगणं मात्र वेगळी, आणि दोन्ही सारखीच नापीक. पूर्वी कधीतरी खड्डे बुजवायला तिथे खाणीतला टाकाऊ दगड आणि मुरूम ओतला होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. आमच्या सासूबाईंची तुळस कुंडीत होती म्हणून जगली.

मी आले त्या वर्षी पावसाळ्यात बाबांची बायको गेली. बाबांना स्वयंपाक येत नव्हता असं नाही, पण एकट्यासाठी चूल पेटवायचा त्यांना कंटाळा यायचा. भात आणि मीठ, कधी वरण, असं दोन महिने चाललं. मग एक दिवस ते विहिरीवर भोवळ येऊन बसले. त्यांचा मुलगा वसंता भिलाईला नोकरीला होता. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन परतताना तो दरवर्षी इकडे उतरायचा. त्या वर्षी तो उतरला तो बापाला घेऊन जायचं ठरवूनच. घराला कुलूप घालायचं, पुढे गिऱ्हाईक मिळालं तर विकायचं. मुलगा वाईट नव्हता. तिथे बसून त्याचा जीव इथे टांगलेला असायचा आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

बाबांना जायचं नव्हतं. हे घर त्यांनी आणि त्यांच्या बायकोने वीट वीट करून बांधलं होतं. भिलाईच्या क्वार्टरमध्ये आपण सामानासारखे पडून राहू, अशी त्यांना भीती होती. त्यांनी मुलासमोर एक अट मांडली, आणि ती विहिरीच्या कठड्याशी मांडली, म्हणून आम्हालाही ऐकू आली. पुढच्या दसऱ्यापर्यंत मी माझी भाजी माझ्या अंगणात काढीन, मासोळी माझ्या टाकीत वाढवीन आणि दोन वेळ नीट जेवीन. वर्षभरात बाजारातून भाजीची एक जुडी जरी आणली, तर पुढच्या दसऱ्याला तुझ्याबरोबर येईन. वसंताने त्या काळ्या दगडाच्या अंगणाकडे बघितलं आणि तो हसला. त्याला वाटलं, बापाने जायला होकारच दिला.

आता हे जे बाबांनी केलं, त्याला हल्ली एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. माझा पुतण्या सांगतो, शहरात लोक त्याचे वर्ग घेतात. बाबांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. खाणीतून उपसलेलं पाणी जिथे पडायचं तिथे गिट्टीचा, म्हणजे खडीचा, ढीग होता आणि त्या ढिगावर मजुरांच्या डब्यातल्या बियांची टमाटरं उगवायची. मातीचा कण नाही, नुसती गिट्टी, आणि टमाटरं लाल. हे पाणी आधी वरच्या एका डबक्यात साठून मग ढिगावर यायचं, आणि त्या डबक्यात मासोळ्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या डबक्यात मासोळ्या नव्हत्या; तिथेही गिट्टी तशीच होती, पाणी तसंच होतं, पण काही उगवत नव्हतं. बाबांनी ही गोष्ट वीस वर्षं डोक्यात ठेवली होती.

त्यांनी मागच्या अंगणात विटा-सिमेंटची एक टाकी बांधली, साधारण चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि कमरेएवढी. दोन लोखंडी ड्रम उभे चिरून त्यांच्या चार पन्हळी केल्या, आतून सिमेंटचा हात फिरवला आणि विटांच्या खांबांवर टाकीच्या वर बसवल्या. त्यांत गिट्टी भरली. टाकीतलं पाणी वर चढवायला कूलरचा जुना पंप लावला. पाणी पन्हळीत हळूहळू भरायचं आणि काठाशी आलं की एका उलट्या डब्याखालच्या नळीतून सगळं एकदम ओढलं जाऊन घळघळ करत खाली टाकीत पडायचं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी. वीज गेली की बाबा बादलीने पाणी वर टाकायचे. वीज आमच्याकडे वरचेवर जायची, त्यामुळे त्यांचे दंड साठीतही बघण्यासारखे होते.

मासे धरणाऱ्या ढिवरांकडून घागरीत घालून रोहूची बोटभर पिल्लं आणली आणि कोंडा, ढेप म्हणजे पेंड, असं त्यांचं खाणं सुरू झालं. पहिला दीड महिना पालकाची रोपं पिवळी पडून मान टाकत होती. गल्लीतले लोक संध्याकाळी सहज म्हणून येऊन बघून जात आणि घरी जाऊन हसत. खोटं कशाला बोलू, मीही हसले. बाबा मात्र रोज सकाळी गिट्टीची एक मूठ उचलून नाकाशी धरायचे आणि पुन्हा ठेवायचे. एक दिवस त्यांनी ती मूठ माझ्या नाकाशी धरली. पहिल्या पावसानंतर शेतातून येतो तसा वास होता. "आता लागलं विरजण," ते म्हणाले.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. पदवी ट्रंकेत आणि मी चुलीपुढे, अशी अवस्था होती, म्हणून बोलायची संधी मिळाली की सोडत नसे. मी त्यांना अमोनिया, नायट्रेट, जिवाणू असं सगळं सांगितलं. माशांची घाण विषारी असते, गिट्टीवर बसलेले जिवाणू तिचं खत करतात आणि झाडं ते खत पितात. बाबांनी मान कलती करून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर असन, बाई. पन विरजण म्हटलं का जपाव लागते हे ध्यानात राह्यते. जिवाणू म्हटलं का मानूस दवाखान्यात पाह्यते." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणात हे एक वाक्य कुणी सांगायला हवं होतं.

पौष लागता लागता पालक असा आला की विचारू नका. हाताच्या पंजाएवढी पानं, मेथी, टमाटर आणि आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तो सांबार. एकट्या माणसाला संपेना. मग बाबा जुड्या बांधून दारोदार द्यायला निघत. फाटकात उभे राहात आणि जुडी पुढे करायच्या आधी मोठ्याने सांगत, "मासोळीच्या पाण्यातला हाय." नेहमी, प्रत्येक दारात. ज्यांना मासे चालतात त्यांच्याकडेही. मी एकदा म्हटलं, सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, खाणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. एवढंच.

आमच्या सासूबाई फाटकातूनच हात जोडत. आम्ही माळकरी, मासोळीच्या पाण्यातली भाजी आम्हाला कशी चालेल, असं गोड बोलून परत पाठवत. मला ते पटायचं. मी स्वतःशी वादही घालायचे की झाड पाणी पितं, मासे थोडंच पितं, पण एखाद्याचा नेम असतो, असं म्हणून सोडून द्यायचे. मग एक दिवस तांदूळ निवडताना मला उगाचच खीर आठवली. मी लग्न होऊन आले त्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेला, बाबांच्या बायकोने मोठ्या पितळी डब्यात खीर पाठवली होती. सासूबाईंनी डबा हसून घेतला, ओसरीवरच ठेवला आणि संध्याकाळी खीर गाईपुढे ओतली. त्या खिरीत मासे नव्हते.

मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाबा भेटले तेव्हा मी काहीतरी अर्धवट बोलले, खिरीबद्दल, सासूबाईंबद्दल. त्यांना ते ऐकायचं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. रहाटावरून दोर सोडता सोडता ते म्हणाले, "मासोळीचं नाव आधी घेतलं म्हंजे नाई म्हननाऱ्याले सोपं जाते, बाई. त्याले दुसरं कारन शोधा नाई लागत. आन् मले बी ऐका नाई लागत." मग त्यांनी बादली वर ओढली आणि निघून गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्या टाकीवर जायला लागले. सासूबाई दुपारी झोपल्या की मागच्या दाराने. मासळीच्या पाण्यात हात घालून माझ्या चुलीशी यायचं नाही, असं त्यांनी मला स्पष्ट बजावलं होतं. मी घातले आणि आलेही.

पावसाळा संपत आला तेव्हा अटीचे अकरा महिने पार पडले होते. बाबांनी बाजारातून एक काडी आणली नव्हती. तब्येत सुधारली होती, पंधरा दिवसांतून एक मासा, रोज पालेभाजी, वरण, भात. वसंताचं पत्र आलं त्यात पहिल्यांदाच टाकीची चौकशी होती. बाबांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. आणि तेव्हाच तुमसरहून त्यांच्या बहिणीच्या आजारपणाचा निरोप आला. दोन दिवसांसाठी जावं लागणार होतं. टाकी त्यांनी माझ्यावर सोपवली.

सूचना तीनच होत्या. सकाळी मूठभर कोंडा-ढेप. पाणी कमी झालं तर मातीच्या नांदीत उन्हात ठेवलेलं पाणी घालायचं, विहिरीतलं सरळ कधी घालायचं नाही. बाकी कशाला हात लावायचा नाही.

त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात कावीळ होती. नगरपालिकेचा माणूस विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकत फिरत होता. तो आमच्या विहिरीशी आला तेव्हा मी त्याला अडवून सांगितलं, एवढ्याने काय होतं, दुप्पट टाका. शिकलेल्या बाईने सांगितलं म्हणून त्याने टाकली. मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टाकीवर गेले, तर आतलं पाणी मला बघवेना. चहासारखं तपकिरी, तळाला गाळ. ते पाणी तसंच असायला हवं होतं, पण घासलेली भांडी पुन्हा घासणाऱ्या घरची मी. म्हटलं, बिचाऱ्यांना एकट्याला झेपत नसेल, आपण लख्ख करून ठेवू, येतील तेव्हा खूश होतील. उन्हातल्या पाण्याची त्यांची सूचना मला आठवत होती. मला ती म्हाताऱ्या माणसाची शिवाशिव वाटली. विहिरीचं पाणी तर कालच शुद्ध केलेलं, त्याच्याहून स्वच्छ काय असणार? अर्धी टाकी उपसली आणि चाळीसएक बादल्या विहिरीतून ओढून भरली. गिट्टीवरूनही ओतल्या. कंबर मोडली, पण पाणी आरशासारखं झालं.

अर्ध्या तासात मासोळ्या वर येऊन तोंड उघडू लागल्या. मला वाटलं, खेळताहेत. तासाभराने पहिली आडवी झाली आणि मग माझ्या डोक्यात क्लोरीन हा शब्द आला. रसायनशास्त्राची पदवी नेमकी तेव्हा ट्रंकेतून बाहेर आली. मी नांदीतलं होतं नव्हतं ते पाणी ओतलं, पण उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत एकूण एक मासोळी मेली होती.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आले. मी फाटकातच उभी होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मान कलती केली. पंप चालू होता, पन्हळीतून पाणी नेहमीसारखं घळघळत होतं. तरी ते म्हणाले, "मासोळ्या काहून बोलून नाई राह्यल्या?"

मी सगळं सांगितलं. पावडर, दुप्पट, चाळीस बादल्या, काही लपवलं नाही. ते टाकीशी गेले, गिट्टीची मूठ उचलली, हुंगली आणि पुन्हा ठेवली. मग टाकीच्या काठावर बसले. मला वाटत होतं, त्यांनी रागवावं. ते एवढंच म्हणाले की मासोळ्या पुन्हा आणता येतात, पण विरजण मेलं, आता दीड महिना तरी पुन्हा लागत नाही. दसरा तीन आठवड्यांवर होता. मग त्यांनी विचारलं, "घरी सांगतलं काय?" मी नाही म्हटलं. "मंग नको सांगू," ते म्हणाले. माझी टाकीवरची ये-जा सासूबाईंना माहीत नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

पुढचे तीन आठवडे पालक पानापानाने पिवळा होत गेला. मी एक तोडगा काढला. बाजारातून मुळासकट पालक आणायचा आणि गिट्टीत खोचायचा, ढिवरांकडून आठ-दहा मोठ्या मासोळ्या आणून सोडायच्या. वसंता एक दिवस राहणार, तेवढ्यात काय कळतं? पैसे माझे. बाबांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मी दाखवाले नाई करून राह्यलो, बाई," ते म्हणाले, "खायाले करून राह्यलो."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वसंता आला. सासूबाई आणि मी विहिरीवर होतो. त्याने रिकामी टाकी बघितली, वाळलेल्या पन्हळी बघितल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. खरं सांगते, त्याच्या आवाजात आनंद नव्हता. त्यालाही ती टाकी जिवंत असायला हवी होती. बाबांनी एकदा आमच्या दिशेने बघितलं, माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे. आणि म्हणाले, "पानी मीच बदललं. पावडर टाकलेलं होतं, ध्यानात नाई राह्यलं."

वसंताचा चेहरा उतरला. तो हिंदीत म्हणाला, बाबा, अब आप भूलने लगे हो. आज पाण्याचं विसरलात, उद्या चुलीचं विसराल. एकतीस वर्षं खाणीत ज्याच्या कानावर माणसांचा जीव अवलंबून होता, त्या माणसाने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. माझ्या हातात भरलेली कळशी होती. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि मी बोलले नाही. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण त्या कळशीएवढं जड मला दुसरं काही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा छोट्या रुळांच्या गाडीने गोंदियामार्गे भिलाईला गेले. जाताना घराची किल्ली आमच्याकडे दिली. मला म्हणाले, पंप आठवड्यातून एकदा फिरव, नाहीतर जाम होईल.

मी पंप रोज फिरवला. आणि त्यांना कार्ड टाकलं की मला टाकी पुन्हा सुरू करायची आहे, कशी करू? आठ दिवसांत उत्तर आलं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, अक्षर गिट्टीसारखं. गावाबाहेरच्या तलावात जिथून पाणी आत येतं तिथली शेवाळलेली गिट्टी टोपलीभर आण, पन्हळीत मिसळ. पाणी तीन दिवस उन्हात ठेव. चारच पिल्लं सोड. गिट्टी हुंगत जा. खाली रेघ मारून लिहिलं होतं, घाई नको. असं आमचं शिक्षण सुरू झालं. दर आठवड्याला माझं कार्ड जायचं, त्यांचं यायचं. त्यांच्या कार्डांत भिलाईबद्दल, नातवंडांबद्दल, तब्येतीबद्दल एक अक्षर नसे. सगळं टाकीचं. एका कार्डात फक्त एक ओळ होती, पाणी पडताना कसा आवाज येतो ते लिही. मी ते कार्ड घेऊन त्यांच्या ओसरीवर बसले आणि रडले.

मग मी ठरवलं. पण वसंताला लिहायच्या आधी घरी सांगणं भाग होतं. सासूबाई भाजी चिरत होत्या, त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं, मागच्या दारासकट. त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्यानेही मध्ये पडायचं धाडस केलं नाही. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "टाकीवरून आलीस का आंघोळ करून चुलीशी येत जा. आन् त्या पोराले खरं काहून नाई सांगतलं तेव्हाच?" याहून मोठी परवानगी मी त्यांच्याकडून अपेक्षिली नव्हती. तो सगळा हिवाळा मी दिवसातून दोनदा आंघोळ केली. त्यांनी त्या टाकीतली भाजी शेवटपर्यंत तोंडात घातली नाही, आणि मीही त्यांना कधी आग्रह केला नाही.

वसंताला मी बंद पाकिटातून लिहिलं. पाणी मी बदललं, बाबा काही विसरलेले नाहीत, ते माझ्या घरच्यांसमोर माझी लाज राखायला बोलले. उत्तर आलं नाही. पण होळीच्या आठवड्यात एका दुपारी सायकलरिक्षा थांबली आणि बाबा उतरले, ट्रंकेसकट. वसंता त्यांच्यामागे उभा होता. बाबा कुणाशी न बोलता सरळ मागच्या अंगणात गेले. पन्हळ भरेपर्यंत थांबले, पाणी घळघळून पडेपर्यंत थांबले. मग गिट्टी हुंगली आणि म्हणाले, दुसऱ्या पन्हळीची नळी बोटभर वर घ्यायला पाहिजे. माझं त्यांनी केलेलं कौतुक ते एवढंच. मला ते अजून पुरतं आहे.

त्यानंतर चार वर्षं ते त्याच घरात राहिले. परसवाड्याचा एक शेतकरी, बैहरकडचे एक वनखात्याचे बाबू, अशी दोन-तीन माणसं टाकी शिकून गेली. फी एकच, त्यांच्यासमोर बसून घटकाभर डोळे मिटून पाणी ऐकायचं. पत्राचा विषय बाबांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. एका माघात दोन दिवसांच्या तापाने ते गेले, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, पाण्याचा आवाज ऐकू येईल अशी खिडकी उघडी ठेवून.

दिवसकार्य झाल्यावर वसंता माझ्याशी बोलायला टाकीवर आला. म्हणाला, वहिनी, एक विचारायचं राहून गेलं. तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते बाबांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "ते खोटं हाय. चूक माझीच होती. त्या पोरीचं मन मोठं हाय, मले घरी आनाले ती आपल्यावर घेऊन राह्यली." मला तेव्हा काही कळेना. एकजण नक्की खोटं बोलत होतं. पण मग मला वाटलं, दुसऱ्याची चूक आपल्यावर घ्यायला जिथे शेजारी भांडतात, तिथून या माणसाला मी कशाला घेऊन आलो? म्हणून आणून सोडलं.

मी त्याला सांगितलं की पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. चाळीस बादल्या मी माझ्या हाताने ओतल्या होत्या.

"म्हणजे आमचा बाप जिंदगीत एकदा खोटं बोलला," तो म्हणाला.

"दोनदा," मी म्हटलं, आणि गिट्टीची एक मूठ उचलून नाकाशी धरली.